पाण्याशी कट्टी

(दृश्य : दोन दगड, अगदी जवळून. ड्रॉपरमधून दोन्हींवर एकेक थेंब पडतो.)

डावीकडचा दगड गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा. थेंब पडला आणि पसरून गेला. उजवीकडचा गॅलेना, शिशाचं खनिज. त्याला आधी एका रसायनाच्या पातळ द्रावणात बुडवून काढलंय. त्याच्यावरचा थेंब पाहा. अळवाच्या पानावर असतो तितका गोल नाही, पण बऱ्यापैकी अंग आखडून बसलाय.

थेंबाची कड दगडाला टेकते तिथे एक कोन तयार होतो. थेंब जितका गोल, तितका हा कोन मोठा, म्हणजेच दगडाला पाणी तितकं नकोसं. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी 1805 साली या कोनाचं गणित मांडलं. हेच यंग पुढे इजिप्तच्या चित्रलिपीच्या मागे लागले, पण ती गोष्ट वेगळी. आपल्याला हवाय तो हा कोन. खाणीतल्या दगडातून धातू वेगळा काढणारे आणि जमिनीखालून तेल उपसणारे, दोघांचाही हिशेब या कोनापाशी येऊन थांबतो. एकाला तो हवा तसा घडवता आला. दुसरा अजून त्याच्याशी झगडतोय.

(दृश्य : ओसाड माळ, त्यावर राखाडी ढिगारे. जुनी छायाचित्रं.)

ऑस्ट्रेलियातलं ब्रोकन हिल. 1883 साली मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर राखण करणाऱ्या चार्ल्स रॅस्प यांना इथल्या काळपट डोंगरात काहीतरी वेगळं दिसलं, आणि बघता बघता खाणी उभ्या राहिल्या. शिसं निघालं, चांदी निघाली. जस्त मात्र ढिगाऱ्यात जाऊन पडलं, लाखो टन.

का? तोवर खनिज वेगळं करायची रीत एकच होती : दळा, पाण्यात हलवा, जड ते खाली बसेल, हलकं वाहून जाईल. शिशाच्या खनिजाला ते जमायचं, कारण ते पाण्याच्या साडेसात पट जड. जस्ताचं खनिज स्फॅलेराइट साधारण चौपट. आणि त्याच्यासोबत येणारे टाकाऊ दगड, रोडोनाइट आणि गार्नेट, तेही जवळपास तेवढेच जड. तराजूला फरकच कळेना. मग कितीही हलवा, हाती येणार काय?

तराजू बाजूला ठेवून ढिगाऱ्याला वेगळा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एक होते चार्ल्स पॉटर. मेलबर्नचे. धंदा बिअर गाळण्याचा. फेस म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती! दळलेलं धातुक गरम, आम्लयुक्त पाण्यात टाकलं की त्यातल्या कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. ते बुडबुडे नेमके जस्ताच्या कणांना चिकटतात आणि त्यांना घेऊन वर येतात. टाकाऊ दगड तळाशी राहतो. त्याच सुमारास खाण कंपनीचे व्यवस्थापक गिलोम डेलप्रॅट यांनीही तसंच काही शोधलं. मग व्हायचं तेच झालं, भांडण कोर्टात गेलं.

खरं तर त्यांच्याही आधी, 1886 साली, अमेरिकेत कॅरी एव्हरसन या बाईंनी तेल आणि आम्ल वापरून खनिज वेगळं करायचं पेटंट घेतलं होतं. त्यांच्याबद्दल एक दंतकथा आहे : त्या शाळेत शिकवायच्या आणि तेलकट पोती धुताना त्यांना खनिज तरंगताना दिसलं. गोष्ट गोड आहे, पण बनावट. त्या एका डॉक्टरांच्या पत्नी होत्या. रसायनं आणून, प्रयोग करून त्या तिथवर पोचल्या होत्या. बाईने काही शोधलं की ते धुणं धुताना अपघातानेच सापडलेलं असावं, ही लोकांची हौस जुनीच.

(दृश्य : आजचा प्रक्रिया प्रकल्प. ओळीने मोठ्या टाक्या, काठावरून ओघळणारा चमकदार फेस.)

शाळेच्या पुस्तकात याला फेनतरण म्हणतात. एक आकृती, चार ओळी, आणि धडा पुढे सरकतो. इथे थोडं थांबूया.

आधी दळण. दगडात खनिजाचे बारीक कण रुतलेले असतात. ते मोकळे व्हावेत म्हणून दगड साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंत दळावा लागतो. प्रकल्पातली सगळ्यात जास्त वीज याच कामात जाते. जाडसर राहिलं तर कण बुडबुड्याला पेलत नाही. फार बारीक झालं तर कण पाण्याच्या प्रवाहाबरोबर बुडबुड्याला वळसा घालून निघून जातो, शिवतसुद्धा नाही.

मग रसायन. पीठ झालेल्या दगडात झँथेट नावाचं पिवळसर द्रव्य घालतात. त्याचा रेणू दोन तोंडांचा. गंधकाचं टोक धातूच्या सल्फाइडला घट्ट धरतं, तेलकट शेपूट बाहेर राहतं. कणाभोवती जणू तेलाचं अस्तर लागतं आणि त्या कणाची पाण्याशी कट्टी होते. क्वार्ट्झला झँथेट धरत नाही, त्याची पाण्याशी बट्टी कायम. टनभर धातुकाला हे द्रव्य लागतं किती? काही ग्रॅम ते फार तर शंभरेक ग्रॅम. आता टाकीत खालून हवा सोडली की पाण्यावर रुसलेला कण बुडबुड्याचा हात धरतो. पाण्याहून साडेसात पट जड असलेलं शिशाचं खनिज तरंगतं आणि हलकी गारगोटी बुडते.

खरी कारागिरी याच्या पुढे आहे. एकाच दगडात शिसं आणि जस्त दोन्ही असतील तर? आधी झिंक सल्फेटसारखं द्रव्य घालून जस्ताला झोपवायचं आणि शिसं काढून घ्यायचं. मग मोरचूद घालायचं. त्यातलं तांबं जस्ताच्या कणावर बसतं, कण जागा होतो, आणि आता झँथेट त्यालाही धरतं.

हे काम करणारी माणसं फेस वाचतात. बुडबुडे मोठे की बारीक, फेस कोरडा की ओला, रंग शिशाचा की नुसत्या गाळाचा. हल्ली टाक्यांवर कॅमेरे असतात, संगणक बुडबुडे मोजतो. तरी खाणीतून आलेला माल बरेच दिवस उघड्यावर पडून राहिला असेल तर त्याचा पृष्ठभाग हवेने गंजलेला असतो, आणि कालचं प्रमाण आज लागू पडत नाही. कॅमेऱ्याला फेस बिघडलेला दिसतो. ढीग किती दिवस पडून होता, हे माणसाला जाऊन विचारावं लागतं.

आणि जे तरंगलं नाही, त्याचं काय? आजच्या बऱ्याच तांब्याच्या खाणींत धातुकात एक टक्काही तांबं नसतं. म्हणजे दळलेल्यापैकी बहुतेक सगळं चिखल होऊन बांधामागे साठतं. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्यू इथे 25 जानेवारी 2019 रोजी लोखंडाच्या खाणीचा असा बांध फुटला. 270 माणसं गेली. आधी साचलेल्या गाळावरच पुढचा बांध चढवत नेण्याची ती पद्धत होती. स्वस्त पडते.

(दृश्य : कॅनडातलं अथाबास्का. काळी वाळू, प्रचंड फावडी.)

इथे खाण आणि तेल एकाच ठिकाणी भेटतात. वाळूत डांबरासारखं जाड तेल मिसळलेलं आहे. 1920च्या दशकात कार्ल क्लार्क यांनी ते गरम पाण्याने सोडवायची रीत बसवली. वाळूला पाणी हवंसं, तेलाला नकोसं. तेल हवेच्या बुडबुड्यांबरोबर वर येतं. म्हणजे पुन्हा तोच फेस.

(दृश्य : खडकाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली.)

पण बहुतेक तेल असं फावड्याने काढता येत नाही. ते खोल खडकात असतं, आणि तिथे तळं वगैरे काही नसतं. मिठाच्या दाण्याहून बारीक छिद्रांत ते अडकलेलं असतं. सुरुवातीला खालच्या दाबाने थोडं आपोआप वर येतं. मग एका विहिरीतून पाणी ढकलायचं आणि दुसरीतून तेल घ्यायचं. इथे आपला कोन आडवा येतो. खडकाला पाणी प्रिय असेल तर पाणी छिद्रात शिरतं आणि तेलाला बाहेर काढतं. खडकाने तेल धरून ठेवलं असेल तर पाणी मोठ्या वाटांनी सरळ निघून जातं, तेल जागच्या जागी. साबणासारखी द्रव्यं घालून ही पकड ढिली करता येते, पण तेल आणि पाणी यांच्यातला ताण हजार-दहा हजार पटींनी उतरवावा लागतो. प्रयोगशाळेत ते होतं. मैलोगणती खडकात तेच द्रव्य खडकालाच चिकटून संपतं.

उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीतलं एकोफिस्क हे तेलक्षेत्र 1969 साली सापडलं. खडक खडूचा, म्हणजे मऊ, पांढऱ्या चुनखडीचा. सुरुवातीचा अंदाज असा की जेमतेम 17 टक्के तेल निघेल. तेल उपसलं तसा खडू दबला आणि समुद्राचा तळ खचू लागला. 1987 साली समुद्रातले पोलादी मंच सहा मीटर उचलावे लागले. त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी आत सोडायला सुरुवात झाली. पाणी खडूत मुरलं, तेल निघत राहिलं, अंदाज निम्म्याच्या आसपास गेला. दाबही परत आला. खचणं मात्र लगेच थांबलं नाही. तेल बाहेर काढणाऱ्या त्याच पाण्याने खडू मऊ केला होता.

(दृश्य : प्रयोगशाळा. पाण्याने भरलेली काचेची नळी, तळाशी बोटाएवढा खडूचा तुकडा.)

हा तुकडा आधी तेलात कित्येक आठवडे मुरवून ठेवला होता, खालच्या खडकासारखा व्हावा म्हणून. आता तो पाण्यात आहे. कोणी दाबत नाही, ढकलत नाही. पाणी आपणहून आत शिरतं का, एवढंच पाहायचं. पाण्यात सल्फेट किती, उष्णता किती, यावर उत्तर बदलतं. रोज सकाळी नळीच्या वरच्या टोकाला जमलेलं तेल मोजून वहीत लिहितात.

(दृश्य : तुकड्याच्या कडेवर तेलाचा एक थेंब फुगतो. कॅमेरा त्यावर थांबतो. थेंब सुटतो, वर जातो.)