मैदानाचा हिस्सा

नमस्कार मंडळी. मला इथे बोलावणं आलं तेव्हा मी आधी विचारलं, बोलायचंय की माईक लावायचाय? कारण गेली तीस वर्षं मी माईकच्या मागच्या बाजूला आहे. पंचवटीत माझं साउंडचं दुकान. गणपती, नवरात्र, लग्नं, गोदाघाटावरची भजनं, व्याख्यानं, पाडवा पहाट, आणि अलीकडे कॉलेजच्या पोरांचे बँड. लोक स्टेजवरच्या माणसाकडे बघतात. मी बघतो त्याच्या पायाखाली काय आहे ते. अर्थिंग कुठे दिलंय, केबल कुठून गेलीय, आणि खाली जमीन कसली आहे.

आज बोलायचंय मदतीच्या कार्यक्रमांवर. पूरग्रस्तांसाठी, दुष्काळासाठी, कोणाच्या ऑपरेशनसाठी होतात ते. त्यातही मोकळ्यावरचे, बागेतले, रॉकचे.

या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला कार्यक्रम झाला १ ऑगस्ट १९७१ ला, न्यूयॉर्कमध्ये. पूर्व पाकिस्तानातून लोंढेच्या लोंढे भारतात येत होते. पंडित रविशंकर मुळातले बंगाली, त्यांचा जीव कळवळला. त्यांनी आपला शिष्य, बीटल्स बँडमधला जॉर्ज हॅरिसन, याला गाठलं, आणि त्याने आपले सगळे गाणारे-वाजवणारे मित्र गोळा केले. दुपारी एक खेळ, रात्री एक. मिळून चाळीसेक हजार माणूस. जागेचं नाव मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पण गार्डन नुसतं नावाला. आत गवताची काडी नाही, बंदिस्त जागा आहे ती. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद आणि तबल्यावर अल्लारखाँ. त्यांनी आधी वाद्यं लावून घेतली, तर लोकांनी त्यावरच टाळ्या वाजवल्या! पंडितजी म्हणाले, वाद्य लावणं एवढं आवडलंय तर वाजवणंही आवडेल अशी आशा आहे. आम्हा साउंडवाल्यांना या गोष्टीचा भारी हेवा वाटतो. आमच्या हॅलो-हॅलो चेकला टाळ्या सोडा, समोरच्या इमारतीतून शिव्या येतात.

तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि वर ५० सेंट युनिसेफला गेले. पैशापैशाचा हिशोब होता बघा. नंतर त्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, चित्रपट निघाला, त्यातून कितीतरी मोठी रक्कम जमली. पण कार्यक्रमाआधी धर्मादाय म्हणून जे कागद करायला हवे होते ते कोणी केलेच नव्हते. तिथल्या करखात्याने पैसा अडवला आणि तो वर्षानुवर्षं अडकून पडला. तिकडे माणसं उपाशी आणि इकडे फाइल. म्हणून आजही कोणी पोरं माझ्याकडे ‘काका, मदतीचा शो करायचाय’ म्हणत आली की मी पहिल्यांदा विचारतो, पावती कोणाच्या नावाने फाडणार? पोरं एकमेकांकडे बघतात.

गाऊन पैसा उभा करणं आपल्याला काही नवं नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन मोठ्या नाटक कंपन्यांचे मालक, एका रंगमंचावर उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. तोच तो संयुक्त ‘मानापमान’. आणि नाशिकच्या माणसाला पलुस्करांची गोष्ट सांगायला नकोच. विष्णू दिगंबरांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या जिवावर नाही, लोकांच्या पैशावर. जाहीर मैफली करायच्या आणि आलेला पैसा शाळेत घालायचा. पुढे मुंबईत मोठी इमारत बांधली, कर्ज झालं, आणि ती इमारत लिलावात गेली. मग ते इथे पंचवटीत येऊन राहिले, रामनामात. एवढा मोठा गवई, गाऊन-गाऊन कर्ज फिटलं नाही. त्यांच्या नावाच्या सभागृहात मी माईक लावतो तेव्हा दर वेळी हे मनात येतं.

पण या सगळ्या छपराखालच्या गोष्टी. बागेत गाणं आलं की खर्चाच्या वहीत एक नवं खातं उघडतं, आणि ते कोणी भरत नाही. मलाही ते २०१९ पर्यंत माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू.

त्या वर्षीचा ऑगस्ट आठवा. इकडे गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात, आणि तिकडे सांगली-कोल्हापुरात घरांच्या माळ्यापर्यंत पाणी. गणपती उठल्यावर पाच पोरांचा एक बँड माझ्याकडे आला. दोन गिटार, एक बास, एक ड्रम, आणि गाणारी मुलगी, बारीक चणीची पण आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. शो फुकट, गेटवर डबे ठेवायचे, जमेल ते पूरग्रस्तांना. ‘काका, तुम्ही किती घ्याल?’ मी म्हटलं, जनरेटरचं डिझेल द्या आणि माझ्या माणसांना मिसळ द्या. गंगापूर रोडकडच्या एका बागेत परवानगी मिळाली. नाव नाही सांगत, कारण चूक बागेची नव्हती, माझी होती.

आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी माझा आयशर सामान घेऊन आला. गेटपासून स्टेजपर्यंत फरसबंदी वाट होती, पण तिच्यावरून वळसा पडत होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, घाल रे सरळ लॉनवरून. वीस पावलांचं अंतर. आठ पावलांवर मागची चाकं वीतभर रुतली. मग फळ्या घातल्या, विटा घातल्या, पोरांनी ढकललं, आणि ड्रायव्हरने रेस देऊन चिखल असा उडवला की ड्रमरचा पांढरा शर्ट गेला.

संध्याकाळी कार्यक्रम मात्र झकास झाला. मधून मधून भुरभुर येत होती, कोणी हललं नाही. भजनाला माणूस सतरंजीवर बसतो. रॉकला माणूस उडतो. दोन हजार माणसं ड्रमच्या ठोक्यावर एकदम उडतात आणि एकदम खाली येतात, तेव्हा कन्सोलवर ठेवलेला माझा चहाचा कप थरथरायचा. मला वाटायचं बासमुळे. बासमुळे नव्हतं ते.

शो संपल्यावर डबे उघडले. वर्गणीचे असतात तेच कुलपाचे पत्र्याचे डबे. नोटा ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. अ‍ॅम्प्लिफायरचा रॅक बंद करायच्या आधी त्याच्या मागच्या पंख्यातून गरम हवा येत असते. त्या हवेसमोर त्या गाणाऱ्या मुलीने एक-एक नोट धरून वाळवली. दहाच्या, वीसच्या, मधूनच एखादी पाचशेची. रात्री साडेबारापर्यंत आमचं हेच चाललं होतं. सगळे आनंदात होते, मीही.

सकाळी सहाला उरलेल्या केबल न्यायला गेलो तर बागेतले माळीबाबा माझी वाटच बघत होते. साठीचे असतील. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘भाऊ, पूरग्रस्तांचं चांगलं केलं तुम्ही. आता माझं गवत पूरग्रस्त झालंय, त्याचं काय?’

मी म्हटलं, बाबा, हरळीच आहे ना, येईल की दोन पावसांत. त्यांनी मला उत्तर दिलं नाही. हातात पातळ सळई होती, ती कडेच्या जमिनीत खुपसली. वीतभर सहज गेली. मग लोक उभे होते तिथे मला घेऊन गेले आणि सळई माझ्या हातात दिली. मी जोर लावला. दोन बोटं गेली. पुन्हा लावला. तेवढीच.

मग त्यांनी सांगितलं ते मी आजपर्यंत विसरलो नाही. ही आपली काळी माती. कोरडी असली तर तिच्यावर हत्ती नाचवा, फार तर वरचं गवत जाईल. ओली असताना मात्र तिला पाय सोसत नाही. मातीच्या कणांमध्ये बारीक-बारीक पोकळ्या असतात, त्यांतून मुळांना हवा मिळते, पाणी खाली उतरतं. ओल्या मातीवर वजन पडलं की त्या पोकळ्या दबून बंद होतात. मग वरून हिरवं दिसतं आणि खाली मूळ गुदमरतं. पंधरा दिवसांनी पिवळं पडतं, तेव्हा कार्यक्रमवाले कुठे असतात? दुसऱ्या कार्यक्रमात.

तसंच झालं. मी आठवड्याने गेलो, हिरवं होतं. म्हाताऱ्याने उगाच घाबरवलं असं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर स्टेजसमोर मोठा पिवळा गोल, आणि त्याच्यातून माझ्या आयशरचे दोन पट्टे, रेघ मारल्यासारखे. सगळी बाग त्यांच्याकडे बोट दाखवत होती. मग काटा मारून जमिनीला भोकं पाडायची, त्यांत वाळू आणि कुजलेलं शेणखत भरायचं, पाणी द्यायचं आणि भोवती दोरी बांधून पाऊल बंद. वाळू मी आणून टाकली, एवढं तरी करायलाच हवं होतं. पण दोरी दोन महिने राहिली. सकाळचा हास्यक्लब फरशीवर गेला आणि संध्याकाळी तिथे क्रिकेट खेळणारी पोरं रस्त्यावर. म्हणजे सांगलीला जे पैसे गेले त्यांच्यात या पोरांचं दोन महिन्यांचं क्रिकेटही होतं. ते कुठल्याही पावतीवर लिहिलेलं नव्हतं, आणि पोरांना कोणी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून बागेतला कार्यक्रम असला की माझ्या कोटेशनमध्ये शेवटची ओळ असते, ‘मैदान दुरुस्ती’. त्यावर हमखास घासाघीस होते. ‘अहो, मदतीचा कार्यक्रम आहे, हे कशाला?’ मी म्हणतो, स्टेजचं भाडं कमी करा, माझं कमी करा, ही ओळ राहू द्या. गाडी रस्त्यावर थांबणार, सामान हातगाडीने येणार, जिथे चाक लागेल तिथे खाली प्लाय. इथल्या गोल्फ क्लब नावाच्या मैदानावर क्रिकेटच्या पिचभोवती दोरी बांधलेली सगळ्यांनी पाहिलीय. पिचवर पाय ठेवायचा नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. आजूबाजूच्या गवताला मात्र कोणी वाली नाही.

पुढे मी याबद्दल वाचत गेलो तेव्हा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्ट हाती लागली. तिथे १९ सप्टेंबर १९८१ ला सायमन आणि गारफंकल या गाणाऱ्या जोडीने फुकट कार्यक्रम केला, पाचेक लाख लोक जमले असं सांगतात. आणि मदत कोणासाठी होती? त्या बागेसाठीच! सत्तरच्या दशकात त्या शहराची तिजोरी रिकामी झाली होती, बागेची धूळधाण झाली होती. १९८० मध्ये बाग सांभाळायला एक संस्था उभी राहिली, आणि बागेच्या डागडुजीला पैसा हवा म्हणून हे गाणं. आता बागेच्या मदतीला बागेतच पाच लाख माणसं उभी करायची, हे आमच्या माळीबाबांना सांगितलं असतं तर सळई घेऊन धावले असते. पण तेव्हा तिथल्या मोठ्या लॉनवर गवत फारसं उरलंच नव्हतं म्हणे, नुसता फुफाटा. पुढे नव्वदच्या दशकात ते लॉन मुळापासून नव्याने केलं, आणि मग गर्दीला मर्यादा घातली.

आणि तरीही बघा. ‘ग्लोबल सिटिझन’ नावाचा मोठा जलसा तिथे होतो, जगातल्या गरिबीविरुद्ध. त्याची बरीचशी तिकिटं पैशाने नाही तर कामाने मिळतात, अर्जावर सही करा, पुढाऱ्यांना लिहा, असं. याचीच मुंबईतली आवृत्ती १९ नोव्हेंबर २०१६ ला बीकेसीच्या मैदानावर झाली. माझा भाचा गेला होता. नोटबंदीचा अकरावा दिवस. स्टेजवर कोल्डप्लेसारखा जगभर गाजलेला बँड, आणि याच्या खिशात वडापावपुरते सुटे नाहीत. तर तोच जलसा २३ सप्टेंबर २०२३ ला सेंट्रल पार्कात भर पावसात झाला. हजारो पाय आणि वर यंत्रसामग्री. लॉनचा तिसरा हिस्सा उद्ध्वस्त. ते बंद केलं ते पुढच्या वसंतापर्यंत. तिथले लोक चिडले, एका लोकप्रतिनिधीने तर हा कार्यक्रम दुसरीकडे हलवा म्हणून मागणी केली. मी बातमीतला फोटो बघितला. चिखलात चाकांचे पट्टे. मला माझा आयशर आठवला.

आता दोन शब्द आवाजाबद्दल, कारण तोही बागेभोवतीच्या लोकांच्या खात्यातूनच जातो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, दवाखाना-शाळेभोवती शंभर मीटर शांतता, हा नियम देशभर २००० सालापासून आहे. सणासुदीला सरकार मोजके दिवस बारापर्यंत सवलत देतं, बस. पण नियमापेक्षा नाशिकची थंडी जास्त कडक आहे. दिवसा जमीन तापलेली असते तेव्हा आवाज वर उचलला जातो. थंडीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार, मग आवाज पुन्हा खाली वाकतो आणि लांबवर जातो. डिसेंबरात मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, तिथेच ठेवलेला असतो, आणि सात वाजता खूश असलेले शेजारी नऊ वाजता फोन करतात. त्यात बास म्हणजे तर भिंतीला न जुमानणारा पाहुणा. गिटारची किणकिण खिडकी लावली की थांबते, बास घरात येऊन बसतो.

लंडनच्या हाइड पार्कात १४ जुलै २०१२ ला अमेरिकेचा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन गात होता, शेवटी साक्षात बीटल्सचा पॉल मॅकार्टनी त्याच्यासोबत आला. वेळ संपली होती, साडेदहाची मर्यादा होती. माईक बंद केले. दोघं हातवारे करत राहिले, आवाज नाही. जगभर त्या साउंडवाल्यांना लोकांनी शिव्या दिल्या. मी एकटा असेन नाशिकमध्ये, ज्याने त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. बटणावर बोट ठेवणारा माणूस कसा उभा असेल ते मला माहीत आहे. पोटात गोळा येतो.

त्या बँडमधली मुलगी परवा पुन्हा दुकानात आली होती. आता नोकरी करते, बँड तोच आहे. पुन्हा एक मदतीचा कार्यक्रम करायचाय म्हणते, बागेतच. मी काही बोलायच्या आधी तिनेच पर्समधून एक लांब खिळा काढून काउंटरवर ठेवला. म्हणाली, ‘काका, काल जाऊन बघून आले. अर्धाच जातोय. अजून पंधरा दिवस थांबू या का?’

बरं, काचेपलीकडून मला हात दाखवताहेत, वेळ झाली म्हणून. हा हात मी आयुष्यभर लोकांना दाखवत आलो, आज पहिल्यांदा मला कोणी दाख—