टेबलाचं पोट

नमस्कार श्रोतेहो. बाहेर ऊन मी म्हणतंय. दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून बसला असाल. सोफा असेल तर सोफ्यापुढे एक टेबलही असेल, आणि त्यावर रिमोट, चार्जर, कालचा पेपर, कोणाचा तरी चष्मा. आज त्या टेबलाबद्दल बोलू. नव्या नाही, जुन्या टेबलाबद्दल.

माझ्या घरी जुनी टेबलं तीन आहेत. त्यातलं एक जुनं नाही, हे मला ते घरी आणल्यावर कळलं.

झालं असं, की जुन्या सामानाच्या एका दुकानात एक गोल टेबल दिसलं. काळंभोर, पाय कोरीव. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, भुसावळच्या रेल्वे साहेबाच्या बंगल्यातलं आहे. इंग्रजांच्या वेळचं.’’ भुसावळ म्हटल्यावर इंग्रजांच्या वेळची जी.आय.पी. रेल्वे आठवते, कौलारू बंगले आठवतात, आपण लगेच पाघळतो. मीही पाघळले. घरी आल्यावर एक पाय डुगडुगायला लागला, म्हणून अमळनेरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींना बोलावलं. त्यांनी टेबलाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. वरचा गालिचा काढायला लावला, टेबल उलटं केलं आणि म्हणाले, ‘‘ताई, टेबलनं तोंड नका देखू, पोट देखा.’’

पोटात काय होतं? प्लायवूडची पट्टी, आणि फुलीच्या खाचेचे स्क्रू. तो फुलीचा स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात बाजारात आला आणि आपल्या सुतारांच्या हाती त्याच्याही बऱ्याच नंतर. शिवाय आतली बाजूसुद्धा बाहेरच्यासारखीच काळीकुट्ट रंगवलेली. जुना सुतार न दिसणाऱ्या बाजूवर पॉलिश कशाला घालवेल? खरं जुनं लाकूड आतून कोरडं, धुळकट, कुठे फिकट कुठे गडद असतं. रंध्याच्या पुसट लाटा हाताला लागतात. हाताच्या करवतीच्या खुणा सरळ पण कमी-जास्त अंतरावर असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या. सांधे खिळ्यांवर नसतात. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, आणि आरपार ठोकलेली लाकडी खुंटी.

गोल टेबलाची आणखी एक गंमत मिस्तरींनी दाखवली. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आखडत नाही, आखडतं ते रुंदीत. त्यामुळे अखंड लाकडाची जुनी गोल फळी आता तंतोतंत गोल राहिलेली नसते. टेप लावा, एकदा रेषांच्या दिशेने, एकदा आडवी. थोडा फरक आला तर खुश व्हा. माझ्या टेबलाची दोन्ही मापं सारखी आली. मिस्तरी हसले नाहीत, एवढी त्यांची कृपा.

आणि उंची. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. साहेबाच्या बंगल्यातलं मधलं टेबल साधारण अठ्ठावीस-तीस इंच उंच असायचं, कारण ते खोलीच्या मधोमध दिवा ठेवायला, वाचायला, पत्ते खेळायला असे. सोफ्यापुढचं ठेंगणं टेबल विसाव्या शतकात रुळलं. म्हणजे अठरा इंचांचं ‘इंग्रजांच्या वेळचं सेंटर टेबल’ कोणी दाखवलं तर ते बहुधा एक तर नवं असतं, नाही तर उंच टेबलाचे पाय कापलेले असतात. पायांचे तळवे बघा. वर सगळं काळवंडलेलं आणि तळवा गोरापान असेल तर कापकूप झाली आहे. कापलेलं घेऊ नये असं नाही. फक्त जुन्याची किंमत देऊ नये.

सोफ्यापुढच्या या टेबलाला आपण टीपॉय म्हणतो आणि तो इंग्रजी शब्द समजतो. तो मूळचा आपलाच, तिपाई, तीन पायांची. इंग्रजांनी उचलला, त्यांना त्यात चहाचा ‘टी’ ऐकू आला, स्पेलिंगही तसंच केलं, आणि चार पायांचा होऊन तो आपल्याकडे परत आला.

आता जुनं म्हणजे किती जुनं? आपल्याकडे १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे. त्यात शंभर वर्षांची मोजपट्टी आहे, हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर. शंभरीपार कारागिरीची वस्तू आपल्याला खासगीत परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला पणजोबांचा पेटारा पाठवायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. त्याहून कमी वयाचं, पण आजचं नाही, त्याला दुकानदार विंटेज म्हणतात. माझ्या मते घरात वापरायला हेच बरं. त्यावर चहा ठेवताना हात थरथरत नाही.

खरं सांगू का, आपल्या खानदेशात ठेंगण्या टेबलासाठी साहेबाच्या बंगल्यापर्यंत जायची गरजच नव्हती. आपण बसायचोच खाली. सतरंजी, गादी, लोड. त्या बैठकीला साजेसं सगळं ठेंगणंच होतं. चौरंग होता, धान्याचा नाही तर कपड्यांचा सागवानी पेटारा होता. आणि जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा अशा बाजारपेठांच्या गावी कापसाच्या, धान्याच्या पेढ्यांवर मुनीमजींचं डेस्क होतं. सातपुड्याचं सागवान जवळ, त्यामुळे लाकडात कंजुषी नाही. अशा वस्तू अजून कुणाच्या माळ्यावर पडलेल्या असतात, वाडा पाडताना भंगारात जातात.

माझं दुसरं टेबल म्हणजे असंच एक डेस्क. त्याच्या खणाच्या तळाशी चिकटलेला छापील कागदाचा तुकडा निघाला, त्यावर ‘पूर्व खानदेश’ असं होतं. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा कागद त्यानंतरचा, हे नक्की. डेस्क किती जुनं ते कागद सांगत नाही. पण त्यासाठी मी मिस्तरींना पुन्हा बोलावलं नाही. एक मात्र आहे, डेस्कचं झाकण उताराचं असतं. त्यावर कप ठेवला की चहा तुमच्या मांडीत. म्हणून ते मी दिवाणाशेजारी ठेवलंय, पुस्तकं आणि पेपरसाठी.

सोफ्यापुढे आहे तिसरं, सासूबाईंचा पेटारा. सोफ्याच्या बैठकीइतका किंवा इंच-दोन इंच कमी उंचीचा, लांबीला सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश, आणि सोफ्यापासून दीड फूट लांब. एवढं जमलं की उठताना गुडघा आपटत नाही आणि कपाला हात पुरतो. मात्र पेटाऱ्याला पायांसाठी पोकळी नसते, अघळपघळ बसणाऱ्यांना तो अडचणीचा. लहान मूल असेल तर लोखंडी कोपरपट्ट्यांचा पेटारा नकोच, चौरंग बरा.

आपल्या हवेचं काय करायचं? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाकूड आखडतं. जूनमध्ये पाऊस आला की फुगतं. फळी खाली स्क्रूने करकचून आवळली असेल तर तिला हलायला जागा नसते आणि ती मधोमध तडकते. त्या तडीत खिळे ठोकू नका. आणि टेबल कूलरच्या झोतात ठेवू नका. एकीकडे ओली हवा, दुसरीकडे भाजकी, लाकूड पीळ खातं. बारीक भोकं दिसली तर खाली कोरा कागद पसरून दोन दिवस ठेवा. ताजा पांढरट भुसा पडला तर किडा जिवंत आहे, आधी त्याचा बंदोबस्त, मग पॉलिश.

पॉलिशचं आणखी एक. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. माझ्याकडे उठलं, भरताच्या मोसमात, पाहुण्यांची पंगत त्याच पेटाऱ्याभोवती बसली होती, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि वाफाळतं भरीत. त्या डागावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवून रात्रभर ठेवलं, सकाळी मऊ फडक्याने पुसलं, बराच गेला. सगळं घासून नवं करू नका, असं मिस्तरी म्हणाले होते, ते ऐकलं. घासलं की लाकडाचा वर्षांनी आलेला रंग जातो, तो विकत मिळत नाही.

सजावटीला मी एक पितळी परात ठेवते. तीच ट्रे. कप त्यातच ठेवायचे, म्हणजे लाकूड वाचतं. शेजारी फार तर एक तांब्या, त्यात सीताफळाची नाही तर कडुनिंबाची डहाळी. बाकी पेटारा मोकळा. खाली घोंगडी. काच नको, घातलीच तर कोपऱ्यांना नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे लावून, म्हणजे खाली ओल कोंडत नाही. चार जुन्या वस्तू एका खोलीत कोंबल्या की घराचं दुकान होतं, आणि आपण त्या दुकानाचे मालक दिसायला लागतो.

ते गोल टेबल? ते गच्चीवर आहे, त्यावर पापड वाळतात. छान वाळतात.

बरं, दुकानात टेबल उलटं करायला दोन माणसं लागतात. जाताना कोणाला तरी सोबत न्या, आणि दुकानदाराने नको म्हटलं तर परत या. नमस्कार.