नकाशावर रक्ताचा डाग का नव्हता?

(जळगावातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘चरित्रपट आणि सत्य’. त्यावर बोलणारच आहे. पण निम्मा हॉल काळ्या कोटातला दिसतोय, तेव्हा आधी जरा पंचनाम्यावर बोलू द्या. ‘शाहिद’ हा चित्रपट बहुतेकांनी पाहिलाय, कथा सांगत बसत नाही. हंसल मेहतांचं दिग्दर्शन, अॅड. शाहिद आझमींच्या भूमिकेत राजकुमार राव, आपल्याकडे ऑक्टोबर २०१३ मध्ये लागला, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यातलं कोर्ट आठवा. अरुंद खोली, फायलींचे गठ्ठे, दोन्ही वकील एकाच वेळी तावातावाने बोलताहेत आणि न्यायाधीश वैतागलेत. बाकीच्या हिंदी सिनेमाने आपल्याला दहा मिनिटांच्या भाषणाची सवय लावून ठेवलीय. भाषणाने कोणी सुटत नाही भो! आपल्या जिल्हा कोर्टात असं भाषण सुरू करून बघा, साहेब दुसऱ्या वाक्याला म्हणतील, ‘लेखी युक्तिवाद दाखल करा.’

माणूस सुटतो तो कागदातल्या फटीतून. २६/११ च्या खटल्यात आझमींचे अशील फहीम अन्सारी. आरोप असा, की त्यांनी हाताने काढलेला नकाशा हल्लेखोरांपर्यंत पोचला आणि तो त्यांच्यातल्याच अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला. इस्माईल गोळ्या लागून मेला, पँट रक्ताने भिजलेली. नकाशावर मात्र रक्ताचा डाग नाही. कोर्टाने नेमकं हेच टिपलं. ३ मे २०१० ला फहीम निर्दोष सुटले. पुढे उच्च न्यायालयाने आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं.

म्हणून नव्या वकिलांना सांगणं, जप्ती पंचनामा हातात आला की मजकूर नंतर वाचा. आधी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ बघा. त्याच वेळी तपास अधिकारी स्टेशन डायरीनुसार कुठे होता? मुद्देमाल जागेवर सील झाला की ठाण्यात आणून? लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का? मुद्देमाल नोंदवहीत कधी चढला, प्रयोगशाळेत कधी गेला, मधले दिवस कोणाच्या ताब्यात होता?

आणि पंच! कायद्याला त्याच वस्तीतले, दोन किंवा अधिक, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हवेत. प्रत्यक्षात येतो कोण? ठाण्यासमोरचा चहावाला, नाहीतर ज्याची हातगाडी पोलिसांच्या मर्जीवर उभी राहते तो. काही पंच तर इतके सराईत, की साक्षीला आल्यावर शिरस्तेदारांची खुशाली विचारतात. अशा पंचाला एकच प्रश्न पुरतो, ‘आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?’ आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत झडतीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. बरं झालं. पण कॅमेरा कधी सुरू झाला, पुडी सापडण्याआधी की नंतर, हे विचारावंच लागणार.

उलटतपासणीचंही तेच. साक्षीदार कोर्टात एक बोलला आणि पोलिसांपुढच्या जबाबात वेगळं असलं, की नवखे वकील खूश होऊन खाली बसतात. बसायचं नाही! जबाबातलं ते नेमकं वाक्य त्याला दाखवायचं. ‘मी असं सांगितलं नव्हतं’ म्हणाला, की वाक्याला कंस करून ‘पोर्शन मार्क ए’ ही खूण घालून घ्यायची. पुढे तपास अधिकारी पिंजऱ्यात आला, की ‘हे साक्षीदारानेच सांगितलं, मी तसंच लिहिलं’ असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं. ही शेवटची पायरी राहिली तर विसंगती शाबीत होत नाही, सगळी मेहनत पाण्यात.

आणि हे मुंबईपुरतंच आहे असं समजू नका. १९९४ मध्ये इथे जवळ, भुसावळला टाडाचा, म्हणजे त्या वेळच्या दहशतवादविरोधी कायद्याचा, गुन्हा दाखल झाला. टाडा १९९५ मध्येच संपला, खटला मात्र चालू राहिला. अकरा जण निर्दोष सुटले ते फेब्रुवारी २०१९ मध्ये, नाशिकच्या विशेष न्यायालयातून.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. त्यात भरिताचा वास इथपर्यंत येतोय, म्हणजे तीनच धरा.

तर ‘चरित्रपट आणि सत्य’. ‘शाहिद’ने नायकाचा भूतकाळ धुऊन काढला नाही, हे पहिलं. पोरवयात काश्मीरच्या छावणीत गेला, परत आला, टाडाखाली तिहारमध्ये राहिला, तिथे शिकला. सगळं पडद्यावर आहे. दुसरं, निवड करावीच लागते, आणि ती करताना खटल्याचा कंटाळा कापला जातो. वर्षानुवर्षांच्या तारखा दोन तासांत मावत नाहीत. माझ्या मते या चित्रपटात तो कंटाळा आणखी थोडा चालला असता. तिसरं महत्त्वाचं. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्याच्या कार्यालयात आझमींचा खून झाला, तिथे चित्रपट संपतो. खटले संपत नाहीत. ते दुसऱ्या वकिलांनी पुढे नेले.

२००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचंच घ्या. तोही आझमींनी लढवलेला खटला. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. काहींची ओळख परेड ज्याने घेतली त्याला तसा अधिकारच नव्हता, आणि कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी सारखाच, ही त्यातली दोन कारणं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. विद्यार्थ्यांनी तो निकाल मुळातून वाचावा. ओळख परेडचा भाग आधी, कबुलीजबाबांचा नंतर. बाकीचं जेवताना विचारा.