०.३३ चा फरक

[दृश्य : फेब्रुवारी २०२२, बीजिंग हिवाळी ऑलिंपिक. झांगजियाकोऊ, गेन्टिंग स्नो पार्क.]

महिलांच्या फ्रीस्की स्लोपस्टाइलची अंतिम लढत. स्कीवरून बर्फाचा उतार उतरताना वाटेतल्या रेलवर, म्हणजे दांड्यांवर घसरायचं, उंचवट्यांवरून उड्या घ्यायच्या आणि करामती दाखवायच्या, असा हा खेळ. स्वित्झर्लंडची मथिल्ड ग्रेमो ८६.५६ गुणांवर पहिली आहे. चीनची आयलीन गू आठवी, आणि तिच्याकडे उरली आहे एकच फेरी. ती निघते. रेल पार होतात, उड्या जमतात. फलकावर आकडा उमटतो : ८६.२३. सुवर्ण ग्रेमोचं, रौप्य गूचं. मधे अंतर ०.३३.

स्कीच्या शर्यतीत ०.३३ सेकंद उशीर झाला, तर वाद संपला. घड्याळ सांगेल ते खरं. इथे घड्याळ नाही. परीक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं, मनाशी तोललं, आणि त्यातून हा आकडा आला.

काय तोलतात ते? उडीची उंची. करामतीची अवघडता. ती किती सफाईने झाली. फेरीत किती विविधता होती : डावीकडून फिरलात तसे उजवीकडूनही फिरलात का, पाठमोरे घसरत येऊन उडी घेतलीत का. आणि पाचवी गोष्ट, खेळ पुढे नेणारं काही नवं दाखवलंत का.

या पाचव्या गोष्टीला कुठली फूटपट्टी लावणार?

[दृश्य : पुरुषांची अंतिम लढत.]

अमेरिकेचा अलेक्झांडर हॉल. शेवटच्या उडीत तो १०८० अंशांकडे, म्हणजे तिसरी गिरकी पूर्ण करायला निघतो, आणि हवेतच फिरणं मोडून मागे वळतो. उतरतो ९०० अंशांवर. नुसते अंश मोजणाऱ्या यंत्राने याला कमी गुण दिले असते. परीक्षकांनी मात्र ओळखलं, की वेगात असलेली गिरकी हवेत उलटवणं किती कठीण आहे. ९०.०१ गुण, सुवर्णपदक. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. माणसांनी परीक्षण का करावं, याचं उत्तर या एका उडीत आहे.

पण माणसाला दिसलंच नाही तर?

[दृश्य : त्याच ऑलिंपिकमधलं पुरुषांचं स्नोबोर्ड स्लोपस्टाइल. तोच खेळ, पण दोन स्कींऐवजी एका रुंद फळीवर, म्हणजे बोर्डवर.]

कॅनडाचा मॅक्स पॅरट. ९०.९६ गुण, सुवर्ण. चीनचा १७ वर्षांचा सू यीमिंग ८८.७० वर, रौप्य. नंतर टीव्हीवर जवळून टिपलेलं दृश्य पुन्हा दाखवलं गेलं, आणि लोक चकित झाले. एका उडीत पॅरटचा हात बोर्डवर नव्हताच, गुडघ्यावर होता. बोर्ड पकडणं हा करामतीचा भाग. ते हुकलं तर गुण कापले जायला हवेत. ते कापले गेले नव्हते.

मुख्य परीक्षक इझ्तोक शुमातिच यांनी चूक उघडपणे मान्य केली. परीक्षकांसमोर एकाच कॅमेऱ्याचं दृश्य होतं, आणि त्यात बोर्ड व्यवस्थित पकडल्यासारखा दिसत होता. निकाल मात्र बदलला नाही. आणि लक्षात घ्या, या स्पर्धेत ६० टक्के गुण उताराच्या प्रत्येक टप्प्याला वेगवेगळे दिले जात होते. उरलेले ४० टक्के संपूर्ण फेरीचे. विभागणी इतकी बारीक असूनही चूक निसटली. जे दिसलंच नाही, ते कितीही भागांत वाटलं तरी मोजलं जात नाही.

सू आणि त्याचे जपानी प्रशिक्षक यासुहिरो सातो यांनी चाहत्यांना जाहीर विनंती केली, की परीक्षकांवर टीका थांबवा. अन्याय ज्याच्या बाबतीत झाला, त्यानेच हे म्हणावं!

म्हणून दोन तक्रारी वेगळ्या ठेवायला हव्यात. हॉलची उडी थोर की कुणा दुसऱ्याची, यावर मतभेद राहणारच. ग्रेमो आणि गू यांच्यातले ०.३३ गुणही त्यातलेच असू शकतात. तिथे खेळाडूंना हवीत कारणं : गुण कुठे मिळाले, कुठे गेले, हे उघड सांगणं. हात बोर्डवर होता की गुडघ्यावर, हा मात्र मताचा प्रश्नच नाही. तिथे हवेत दोन-तीन कोनांतले कॅमेरे आणि गुण जाहीर करण्याआधी ते दृश्य पुन्हा पाहण्याची मुभा.

त्याला वेळ लागेल, हे खरं. वर पुढचा खेळाडू थंडीत उभा असतो, वारा बदलतो, उजेड उतरतो, थेट प्रक्षेपण खोळंबतं. तरीही तो वेळ द्यायलाच हवा. ऑलिंपिकची पुढची संधी चार वर्षांनी येते. खेळाडूने त्या एका फेरीसाठी जेवढं पणाला लावलेलं असतं, त्यापुढे हा खोळंबा काहीच नाही.