आरडी सर्व्हिस उठली का?

(दृश्य: नागपूरचा महाल भाग, सकाळ. सेतू केंद्राचं शटर अर्धं वर. बाहेरच्या बाकड्यावर स्वेटर, मफलर घातलेली म्हातारी मंडळी.)

निवेदन:
नोव्हेंबर लागला की नागपुरात ट्रंकेतून स्वेटर निघतात आणि कपाटातून पेन्शनच्या कागदांची पिशवी. हयातीचा दाखला द्यायचा हा महिना. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या नावाने बोटाच्या ठशावर मिळतो. ठसा आधारशी जुळला की काम झालं.

(दृश्य: ठसा घेणारं छोटं यंत्र. पडद्यावर सूचना : ‘डिव्हाइस नॉट रेडी’.)

आजी : काऊन जी, आज बी नाही होत का?
केंद्रचालक : होते ना आजी, बसा तुम्ही. मशीन उठून नाही राहिली.

निवेदन:
वायर बदलून झाली. यंत्र दुसऱ्या यूएसबीत लावून झालं. यंत्र ठणठणीत आहे; झोपली आहे ती त्याच्यामागची आरडी सर्व्हिस, म्हणजे ‘रजिस्टर्ड डिव्हाइस’ सर्व्हिस. सर्व्हिस किंवा सेवा म्हणजे पडद्यामागे गुपचूप चालणारा प्रोग्राम. आधारच्या नियमानुसार ब्राउझरला यंत्राकडून ठसा थेट उचलता येत नाही. तो नोंदणीकृत सॉफ्टवेअरमधूनच, कुलूपबंद होऊन यावा लागतो. हे सॉफ्टवेअर संगणकाच्या आतच, १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या क्रमांकित दारावर, कान देऊन बसलेलं असतं. वेबपान त्या पोर्टांवर एकेक करून हाक मारतं. कुणीच ओ दिली नाही, तर यंत्र तयार नाही असं आपल्याला सांगितलं जातं.

(दृश्य: कीबोर्ड. विंडोज आणि आर ही बटणं. छोट्या चौकटीत टाइप होतं : सर्व्हिसेस डॉट एमएससी.)

निवेदन:
विंडोजमधल्या सेवांची ही यादी उघडली की नवखा माणूस घाबरतो. शेकडो नावं. यांतल्या बहुतेकांना खिडकी नाही, खालच्या पट्टीवर चिन्ह नाही. कुणी लॉगिन करायच्या आधीच यांतल्या पुष्कळ कामाला लागलेल्या असतात. छपाईची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर, आवाजाची विंडोज ऑडिओ, फायलींची सूची ठेवणारी विंडोज सर्च, आणि बरंच खाली आपली आरडी सर्व्हिस. ‘स्टेटस’चा रकाना कोरा, म्हणजे बंद. पण ‘स्टार्टअप टाइप’ मात्र ऑटोमॅटिक! आपोआप सुरू व्हायला सांगितलेली सेवा सुरू का झाली नाही?

उत्तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, मिळतं. ७००९ क्रमांकाची नोंद : ३०,००० मिलिसेकंद वाट पाहिली, सेवेने उत्तर दिलं नाही. सेवा सुरू करणारा विंडोजचा व्यवस्थापक प्रत्येकीला साधारणपणे ३० सेकंद देतो आणि मग नाद सोडतो. केंद्रातला संगणक जुना, त्यात फिरती हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबलं की अँटिव्हायरस, अपडेट, सर्च, स्पूलर, सगळ्यांना एकाच वेळी डिस्क हवी असते. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी बर्डीच्या बाजारात शिरावं तशी गत. आरडी सर्व्हिस त्या गर्दीत मागे राहिली, आणि तीस सेकंद संपले.

(दृश्य: आरडी सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजची चौकट. बाण ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर थांबतो.)

निवेदन:
म्हणून इथे उपाय आहे तो वेळ बदलण्याचा. ‘डिलेड स्टार्ट’ निवडलं की ही सेवा बाकीच्या ऑटोमॅटिक सेवा निघून गेल्यावर, साधारण दोन मिनिटांनी उठते. तोवर डिस्क मोकळी झालेली असते. शटर उघडून, झाडू मारून, अगरबत्ती लावेपर्यंत दोन मिनिटं जातातच.

शेजारीच ‘रिकव्हरी’ नावाचा भाग आहे. पहिल्यांदा बंद पडली तर काय करायचं, दुसऱ्यांदा पडली तर काय, हे तिथे ठरवता येतं. ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ निवडावं. पण ही सोय चालती सेवा मध्येच कोसळली तर उपयोगी. जी सुरूच झाली नाही तिला ती उठवत नाही. केंद्रचालकाने आधी नेमकं हेच लावून पाहिलं होतं.

केंद्रचालक : यूट्यूबवर तर सांगते, अर्ध्या सर्व्हिस बंद करून टाका, कम्प्युटर पळते.

निवेदन:
पळतो, आणि कधी कधी भिंतीवर आपटतो. विंडोज सर्च बंद केली, तर हजारो स्कॅन केलेल्या दाखल्यांतून एक शोधताना दमछाक होते. आणि सेवा एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. ‘डिपेंडन्सीज’चा भाग उघडून पाहा : विंडोज ऑडिओ ज्या सेवेवर अवलंबून आहे ती थांबवली, की आवाजही जातो. रिमोट प्रोसिजर कॉल नावाच्या सेवेवर तर इतक्या जणी टेकलेल्या आहेत की विंडोज तिचं ‘स्टॉप’ बटण दाबूच देत नाही. एखादी सेवा नको वाटली तर ‘डिसेबल्ड’ करण्याआधी ‘मॅन्युअल’ करून बघावी. गरज पडली की दुसरा प्रोग्राम तिला स्वतःच जागं करू शकतो. ‘डिसेबल्ड’ केलेलीला कुणीच जागं करू शकत नाही.

(दृश्य: मागची खोली. दुसरा संगणक, त्यावर फक्त कॅमेऱ्यांचं चित्रण.)

निवेदन:
तरी ‘डिसेबल्ड’ची जागा आहे, आणि ती या मागच्या खोलीत आहे. या संगणकाला प्रिंटर नाही, पुढेही लागणार नाही. २०२१ च्या जुलैत प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड उघड झालं, ज्यातून बाहेरचा माणूस संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. दुरुस्तीचा पॅच लागेपर्यंतचा एक उपाय मायक्रोसॉफ्टने सांगितला, तो स्पूलर थांबवून डिसेबल करण्याचा. अर्थात, मग त्या मशीनवरून छपाई बंद. पुढच्या काउंटरवर ते केलं तर दाखले निघायचे थांबतील. इथे, मागे, स्पूलर बंद असण्यात नुकसान काहीच नाही.

विंडोजऐवजी लिनक्स असलेल्या बहुतेक संगणकांवर हाच कारभार सिस्टमडी नावाचा प्रोग्राम बघतो. तिथे ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू, ‘इनेबल’ म्हणजे पुढच्या वेळी संगणक चालू होईल तेव्हापासून. एक सांगितलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. पुष्कळजण पहिलं करून खुश होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कटकट.

(दृश्य: केंद्रचालकाच्या डायरीचं पान, निळं पेन.)

निवेदन:
विंडोज जुनी सेटिंग लक्षात ठेवत नाही, म्हणून बदलण्याआधी ती डायरीत उतरली आहे. आरडी सर्व्हिस : आधी ऑटोमॅटिक, आता डिलेड. स्पूलर, मागचं मशीन : आधी ऑटोमॅटिक, आता डिसेबल्ड. तिसऱ्या ओळीत विंडोज सर्च आणि पुढे प्रश्नचिन्ह. तिला त्याने अजून हात लावलेला नाही.

केंद्रचालक : या आजी, अंगठा ठेवा. जोरात नका दाबू.