झोपून शू करायची

ठाणे, नौपाडा. सकाळचे साडेसात. चार वर्षांची एक मुलगी न्हाणीघरात जुन्या चादरीवर आडवी झालीय. एका तपासणीसाठी तीन दिवस हाच सराव चाललाय. झोपून शू करायची.

"दोन वर्षं हिला शिकवलं, अंथरुणात करायची नाही, चारचौघांत तर नाहीच," आई म्हणते. "आता नेमकं तेच कर म्हणायचं."

पावसाळ्यात दोनदा सणकून ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही. आजी म्हणाली, उन्हाळी लागली असेल, धण्या-जिऱ्याचं पाणी द्या. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला.

किडनीकडून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते. मूत्राशय भरलं की दाबानं ती मिटते, लघवी माघारी फिरत नाही. ही तिरकी वाट आखूड असली, तर लघवी उलटी वर चढते, सोबत जंतूही. किती चढते ते एमसीयूजीत, म्हणजे नळीनं मूत्राशयात एक्स-रेत दिसणारं औषध भरून शू करताना काढलेल्या एक्स-रेत, दिसतं, ग्रेड १ ते ५. सराव त्याचाच. पहिल्या दोन ग्रेड बहुधा वयाबरोबर आपोआप जातात. ऑपरेशनचा विषय निघतो तो वरच्या ग्रेडना, तेही ताप आणि संसर्ग थांबेना तर.

लघवीचं कल्चर स्वच्छ आलंय. डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक सुरू आहे. राहिला कमरेचा चांदीचा करदोटा. एक्स-रेत तो मधेच दिसणार. आजीनं तो काढला खरा, पण स्वतःच्या मुठीत धरून ठेवला.

"दुखणार नाही" असं आई म्हणाली नाही. बाहुलीला नळी लावून दाखवली. "टोचेल, झोंबेल. मी तिथंच असेन."

टेबलावर आई खरंच शेजारी आहे, अंगात शिशाचा जड एप्रन. जेली लावून बारीक नळी आत जाते. मुलगी किंचाळते. मग बाटलीतलं औषध थेंबथेंब उतरू लागतं. या वयाच्या मूत्राशयात साधारण १८० मिलि मावतं. पडद्यावर पांढरा फुगा मोठा होत जातो. खरी परीक्षा पुढेच, कारण उलटा प्रवाह कित्येकदा शू करतानाच दिसतो.

"कर बाळा." काहीच नाही. डॉक्टर थांबतात. कुणीतरी नळ सोडतं. आई कानाशी कुजबुजते, "न्हाणीघरातल्यासारखी."

झाली.

रिपोर्ट संध्याकाळी. घरी पहिल्या वेळी झोंबलं, रडारड झाली. आजीनं धण्याचं पाणी पुढे केलं. आज भरपूर प्यायचंच होतं. तिसऱ्या वेळी ती एकटीच गेली, आणि दार आतून लोटून घेतलं.