रुग्णाची काळजी घेणारीची काळजी

नमस्कार श्रोतेहो. नर्सिंगमधलं आध्यात्मिक नेतृत्व म्हटलं की डोळ्यांसमोर येते वॉर्डातली प्रार्थना, नाहीतर भिंतीवरचा सुविचार. सुविचारांचं मला वावडं नाही, पण त्यांनी नाइट ड्यूटीचा शीण उतरल्याचं ऐकिवात नाही.

लुई फ्राय या अभ्यासकाने २००३ मध्ये जी मांडणी केली, तिला कुठल्याही धर्माची अट नाही. डोळ्यांपुढे ध्येय, ते गाठता येईल ही श्रद्धा आणि सोबतच्या माणसांबद्दल निरपेक्ष आपुलकी, एवढं नेत्याकडे हवं. मग हाताखालच्यांना आपलं काम मोलाचं वाटतं, आणि इथली माणसं आपली आहेत असंही.

आता वॉर्डात या. पहाटे चार वाजता रुग्ण दगावलाय. सीपीआर देऊन, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबदाबून, सिस्टरचे हात भरून आलेत. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, नातेवाइकांसमोर उभं राहायचं, नोंदी करायच्या. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचं सलाइन संपत आलंय. डोळ्यांत पाणी आलं तरी पुसायला उसंत नाही. अशा वेळी इन्चार्ज सिस्टर ‘नोंदी झाल्या का?’ एवढंच विचारू शकते. नाहीतर म्हणू शकते, ‘तुझ्या खाटा मी बघते, तू जरा बसून ये.’ माझ्या मते या दुसऱ्या वाक्यात फ्रायची अर्धी मांडणी आली. काही रुग्णालयांत तर मृत्यूनंतर सगळे मिनिटभर खाटेभोवती शांत उभे राहतात. गेलेल्या माणसासाठी, आणि खरं तर स्वतःसाठीही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. अंगातलं बळ संपतं, कामावरून मन उडतं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. दुखणं ड्यूटीवर लागलेलं, आणि इलाज मात्र नर्सने घरी ध्यान करून शोधायचा! हे काही पटत नाही.

एक धोका मात्र आहे. ‘ही सेवा आहे, तक्रार कसली करता?’ असं म्हणत डबल ड्यूटी गळ्यात मारणारेही अध्यात्माचीच भाषा बोलतात. माणसं कमी असतील तर मेट्रनने वरिष्ठांशी भांडायला हवं. तिची आपुलकी ड्यूटीच्या यादीत दिसते: सलग नाइट कुणाच्या वाट्याला आल्या, कुणाची सुट्टी पुन्हा रद्द झाली, आणि त्याबद्दल तिने कुणाला जाब विचारला.